ग्रंथविक्रेता आणि प्रेक्षागृह

(१)

पुस्तकें विकणाऱ्या दुकानदारानें आपल्या नेहमींच्या गिऱ्हाइकांस एकत्र जमवावें व त्यांस समूहानें नाटकाच्या खेळास न्यावें, अशी एक चाल परदेशांतील लहान स्वतंत्र दुकानांत आढळते. आमच्या एका तरुण स्नेह्यानें ती आम्हांस मोठ्या नवलानें सांगितली, व असा प्रकार आपल्या इकडे कधीं घडला नाहीं, असा आपला अभिप्रायहि त्यास जोडला. या अभिप्रायाचा विचार करूं लागतां आमच्या ध्यानांत आलें कीं, ही चाल आपणांस नवी नाहीं आणि परकीहि नाहीं. ग्रंथ व खेळ, वाचक व प्रेक्षक, यांचा संबंध आपल्याकडे फार जुना आहे. मात्र त्या संबंधाचा पुरावा ज्या जातीच्या कागदांत राहतो, त्या जातीचा कागद आपण संग्राहक मंडळी हातीं धरीत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा हेतु त्यामुळें दुहेरी आहे. पहिला हेतु हा कीं, ग्रंथव्यवहार व नाट्यव्यवहार महाराष्ट्रांत एकमेकांस कोठें कोठें भेटले, तें क्रमानें दाखवावें. दुसरा हेतु हा कीं, या भेटीचीं साधनें आज कोणत्या स्थितींत आहेत व तीं नष्ट होण्यांत आमच्यासारख्यांचा स्वतःचा वांटा किती आहे, तें निखालसपणें सांगावें. विवेचनाचा आरंभ आम्ही नगर जिल्ह्यापासून करीत आहों. कारण तो आमच्या नित्य परिचयाचा प्रांत आहे. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर असें झालें. जुन्या कागदांशीं मेळ राहावा म्हणून पुढें नगर हेंच नांव योजिलें आहे.

(२)

आलंकारिकांनीं काव्याचे दृश्य व श्रव्य असे दोन भेद केले. यांत ‘वाच्य’ म्हणून तिसरा भेद नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. एकट्यानें कोपऱ्यांत बसून मनांतल्या मनांत वाचावयाचें पुस्तक ही कल्पना प्राचीनांच्या वर्गीकरणांत मुळीं बसतच नाहीं. जें ऐकावयाचें तें सभेंत ऐकावयाचें आणि जें पाहावयाचें तेंहि सभेंतच. भरताच्या नाट्यशास्त्रांत नटाच्या गुणांबरोबर प्रेक्षकाच्या गुणांचाहि विचार आहे. तरुण, विद्वान, शूर, वृद्ध यांस नाटकांतील काय काय रुचतें, याची तेथें चर्चा आहे. शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत सूत्रधार नटीस प्रथम सांगतो तें हेंच कीं, आजची परिषद् बहुतांशीं जाणत्यांची आहे. नाटक कोणापुढें होत आहे, हें ठरल्यावांचून नाटक सुरूच होत नाहीं.

हीच रीत देशभाषेंतहि चालत आली व तिचे तीन ठळक दाखले एकट्या नगर जिल्ह्यांत सांपडतात. शके १२१२ मध्यें नेवासें येथें सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही प्रथम सांगितली गेली व ऐकली गेली. सच्चिदानंदबाबा लेखक झाले तें त्यानंतरचें. तिच्या भाषेंतच श्रोत्यांची विनवणी, श्रोत्यांचा अनुनय व श्रोत्यांचा गौरव पदोपदीं आढळतो. दुसरा दाखला राहुरी तालुक्यांतील ताहराबादच्या महिपतीचा (१७१५–१७९०). त्याचे भक्तविजय व भक्तलीलामृत हे ग्रंथ घरोघर व देवळोदेवळीं मंडळी जमवून वाचले जात. एक वाचणारा व पन्नास ऐकणारे, हें त्या पोथीवाचनाचें प्रमाण. तिसरा दाखला संगमनेरच्या अनंत फंदीचा (१७४४–१८१९). तमाशाच्या फडांत गाजलेल्या या शाहिरास अहिल्याबाई होळकरांनीं कीर्तनाकडे वळविलें, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचा जन्महि याच जिल्ह्यांतील चौंडीचा. आख्यायिकेचें ऐतिहासिक मूल्य कांहींहि असो. फड व कीर्तन यांच्या मधली भिंत किती पातळ होती आणि एकच श्रोतृवर्ग दोहींकडे कसा ये-जा करीत होता, हें तीवरून कळतें.

तात्पर्य, छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथ हा सभेचा विषय होता. ग्रंथाला गिऱ्हाईक नव्हतें, श्रोते होते. आणि खेळालाहि गिऱ्हाईक नव्हतें, आश्रयदाता होता.

(३)

आतां काळाचा एक अगदीं लहान तुकडा पाहूं. १८३८ सालीं नगर येथें ग्रंथालय स्थापन झालें. आजचें अहमदनगर जिल्हा वाचनालय तें हेंच, व महाराष्ट्रांतील अत्यंत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. १८४२ सालीं अमेरिकन मिशननें नगर येथेंच ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू केलें; तें पुढें मुंबईस गेलें. आणि १८४३ च्या नोव्हेंबरांत सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयानें ‘सीतास्वयंवरा’चा खेळ केला. वाचनालय, नियतकालिक व रंगभूमि या तीन गोष्टी पांच वर्षांच्या आंत मराठी मुलखांत उभ्या राहिल्या. त्यांतील एकीमुळें दुसरी झाली, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तिघींचा प्रेक्षक-वाचक पुढें एकच होणार होता, हें मात्र खरें.

भाव्यांच्या खेळांत पुस्तक नव्हतें, म्हणजे छापील पुस्तक नव्हतें. सूत्रधार पदें म्हणे, पात्रें आयत्या वेळीं आपापलीं भाषणें करीत, राक्षसांचा आरडाओरडा होई. या खेळांस पुढें ‘अलल्लडुर्र’ असें थट्टेचें नांवहि पडलें. प्रेक्षकास कथा रामायण-महाभारतावरून ठाऊकच असे. १८५१ सालीं आप्पासाहेब वारले व राजाश्रय तुटला. भाव्यांस मंडळी घेऊन गांवोगांव फिरावें लागलें. १८५३ सालीं ते मुंबईस आले व ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत त्यांचे खेळ झाले. तें नाट्यगृह १८४६ सालीं जगन्नाथ शंकरशेटांनीं दिलेल्या जागेवर उभें राहिलें होतें, व तेथें पैसे भरून तिकीट घेणाराला प्रवेश होता.

या तिकिटाचें महत्त्व आम्हांस राजाश्रयापेक्षांहि अधिक वाटतें. दरबारांत बसणारा मनुष्य हा निमंत्रित. तिकीट काढून बसणारा हा गिऱ्हाईक. ज्या काळीं गणपत कृष्णाजींच्या छापखान्यांतील पंचांग व पोथी दाम मोजून बाजारांत मिळूं लागली, त्याच काळांत नाटकहि दाम मोजून मिळूं लागलें. पोथी लिहून घेणारा यजमान व खेळ करविणारा संस्थानिक हे दोघेहि एकाच सुमारास मागें पडले. त्यांच्या जागीं आला तो चार-आठ आणे खर्चणारा मध्यम स्थितीचा मनुष्य. तोच वाचक व तोच प्रेक्षक.

(४)

यानंतरच्या पिढींत पुस्तक व खेळ यांचा विवाह झाला. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या आश्रयानें संस्कृत नाटकांचीं मराठी रूपांतरें होऊं लागलीं. ‘नवनीत’कार परशुराम बल्लाळ गोडबोले यांनीं वेणीसंहार, उत्तररामचरित, मृच्छकटिक, शाकुंतल इत्यादि नाटकें मराठींत आणलीं, कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं मालतीमाधव, मुद्राराक्षस इत्यादि आणलीं. हीं नाटकें छापलीं गेलीं तीं प्रथम वाचण्यासाठीं. १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें ‘थोरले माधवराव पेशवे’ छापून निघालें. पुराणकथा सोडून जवळच्या इतिहासावर रचलेलें हें स्वतंत्र गद्य नाटक पुढें रंगभूमीवरहि आलें.

छापील संहितेवरून होणाऱ्या या खेळांस त्या काळच्या लोकांनीं नांव दिलें तें ‘बुकीश नाटक’. हा शब्द आजच्या तरुणांस हास्यास्पद वाटतो, परंतु इतिहासज्ञानें तो जपून ठेवावा असा आहे. त्या शब्दाचा अर्थ ‘पुस्तकी, म्हणून नीरस’ असा नव्हता. ‘ज्याचें बुक आहे तें’ असा होता. म्हणजे मराठी प्रेक्षकानें एके काळीं नाटकांचा मुख्य भेद रसावरून केला नाहीं, विषयावरून केला नाहीं. पुस्तक असणें व नसणें यावरून केला. ज्या नाटकाचें बुक आहे त्याचें भाषण नटाच्या लहरीवर अवलंबून नव्हतें. आणि ज्याला खेळाची परीक्षा करावयाची, तो बुक हातीं घेऊन ती करूं शकत होता. वाचून खेळास जाणें व खेळ पाहून येऊन वाचणें, हे दोन्ही व्यापार या शब्दाच्या पोटांत आहेत.

१८८० च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेस पुण्यास आनंदोद्भव नाट्यगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, व १८८२ सालीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलें. संगीत नाटकानें ग्रंथविक्रीस एक नवीनच जिन्नस दिला, तो म्हणजे पदांचें पुस्तक. नाटकांतील तेवढीं पदें छापून केलेली ही लहानशी पुस्तिका नाट्यगृहाच्या दाराशींच विकली जाई. प्रेक्षक ती हातांत धरून खेळ पाहत, घरीं नेत, आणि पेटीवर पदें बसवीत. म्हणजे खेळाच्या रात्रीं नाट्यगृहाचा दरवाजा हेंच पुस्तकाचें दुकान होतें. खुद्द भाव्यांनींहि १८८५ सालीं आपल्या खेळांतील पद्यरचना ‘नाट्यकवितासंग्रह’ या नांवानें छापविली. ज्यानें बुकावांचून नाटक सुरू केलें, त्यासहि वृद्धपणीं बुक करावेंसें वाटलें, यांत त्या काळाचा ओघ स्पष्ट दिसतो. आज भाव्यांच्या खेळांविषयीं आपणांस जी खात्रीची माहिती आहे, तींतील मोठा भाग या पुस्तकामुळें राहिला आहे.

याच्या उलट एक गोष्ट सांगितली पाहिजे. जोतीराव फुले यांस मुलींच्या शाळेची स्फूर्ति झाली ती नगर येथील मिस फरार यांची मिशन शाळा पाहून, हें सर्वश्रुत आहे. याच जोतीरावांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ नांवाचें नाटक लिहिलें व तें दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविलें. कमिटीनें तें स्वीकारलें नाहीं. तें छापलें गेलें नाहीं, विकलें गेलें नाहीं व त्याचा खेळहि झाला नाहीं. तें हस्तलिखित स्थितींत राहिलें व १९७९ सालीं प्रसिद्ध झालें. मधलीं एकशें चोवीस वर्षें मराठी रंगभूमीच्या इतिहासांत कीर्तन्यांचें १८६१ चें नाटक पहिल्या मानाचें धरलें जात होतें, आणि त्याच्या सहा वर्षें आधींची एक सामाजिक नाट्यकृति वहींत पडून होती. छापणारा व विकणारा न मिळाला तर कालानुक्रमच कसा चुकतो, याचें हें उदाहरण आहे. आणि वही कोणीतरी जपून ठेवली नसती, तर तो चुकलेला क्रम कायमच राहिला असता.

(५)

ग्रंथविक्रेत्यानें रंगभूमीकडे वळावें, हें इतर देशांतहि प्राचीन आहे. लंडन शहरीं जॉन रॅस्टेल नांवाचा मुद्रक व ग्रंथविक्रेता होता. सर टॉमस मूर याचा तो मेहुणा. त्यानें १५२४ च्या सुमारास फिन्सबरी येथें आपल्या घराच्या आवारांत नाटकासाठीं मंच उभारला. इंग्लंडांत सार्वजनिक नाट्यगृहें होण्यापूर्वीं अर्धें शतक ही गोष्ट घडली. ती आज ठाऊक आहे ती कशावरून? तर खेळाच्या पोशाखांवरून त्याचा दुसऱ्या एका इसमाशीं कज्जा झाला, त्याचे १५३० च्या सुमाराचे कोर्टाचे कागद शिल्लक राहिले म्हणून. नाटकाचा इतिहास अशा रीतीनें पुष्कळदां कपड्यांच्या याद्यांत व देण्याघेण्याच्या तंट्यांत सांपडतो. शेक्सपियरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनीं, १६२३ सालीं, कांहीं नट व ग्रंथविक्रेते यांनीं मिळून त्याच्या ३६ नाटकांचा जो संग्रह काढला, त्यांतील १८ नाटकें तत्पूर्वीं कधींच छापलीं गेलीं नव्हतीं. नट व दुकानदार यांचें संगनमत न होतें तर मॅकबेथ व टेंपेस्ट हीं नाटकें आज कदाचित् केवळ नांवानें उरलीं असतीं.

आपल्याकडे हें काम एकट्या दुकानदारापेक्षां ग्रंथसंस्थांनीं अधिक केलें. १८४० सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचें स्वतःचें नाट्यगृह आहे. तें परशुराम साईखेडकरांच्या नांवानें ओळखलें जातें. ज्या इमारतीच्या एका भागांत सभासद पुस्तक बदलतो, तिच्याच दुसऱ्या भागांत तो नाटक पाहतो. मुंबईस १९३५ सालीं मुंबई मराठी साहित्य संघ निघाला. बोलपटानें नाटकमंडळ्या बसूं लागल्या असतां डॉ. अ. ना. भालेराव यांच्या उद्योगानें या संघानें नाट्यमहोत्सव सुरू केले. १९४३ सालीं सांगलीस रंगभूमीची शताब्दि झाली, मुंबईस संघानें तो उत्सव पुढें चालविला, आणि १९६४ सालीं गिरगांवांत संघाचें स्वतःचें नाट्यगृह उभें राहिलें. साहित्याच्या संस्थेनें आपल्या वाचक-सभासदांच्या बळावर पडती रंगभूमि सांवरून धरली, असें हें उदाहरण दुसऱ्या भाषांत विरळाच मिळेल.

दुकानदारांपैकीं दोन नांवें घेतलीं पाहिजेत. गिरगांवांतील मॅजेस्टिक बुक स्टॉलचे केशवराव कोठावळे यांनीं जानेवारी १९६४ पासून ‘ललित’ मासिक काढून वाचक व ग्रंथ यांत नित्याचा संवाद सुरू केला, आणि पुढें ‘मॅजेस्टिक गप्पा’ या नांवानें लेखक, नट, गवई यांस प्रत्यक्ष वाचकांसमोर बसविलें. दुकानाचें गिऱ्हाईक हें येथें पुन्हां सभा झालें. दुसरें नांव टी. एन. शानभाग यांचें. त्यांनीं १९४८ सालीं मुंबईस स्ट्रँड चित्रगृहाच्या आवारांत पुस्तकांची एक लहानशी मांडणी थाटली. खेळास येणाऱ्याला पुस्तकाचें गिऱ्हाईक करावें, हा तिचा पाया. स्ट्रँड बुक स्टॉल पुढें फोर्ट भागांत गेला व २०१८ सालीं बंद झाला. नांवांत मात्र त्यानें चित्रगृहाची खूण अखेरपर्यंत बाळगली.

(६)

आतां पुनः नगराकडे येऊं. १८७८ सालीं धोंड-मनमाड लोहमार्ग नगरावरून सुरू झाला. त्यामुळें पुण्याकडून खानदेशाकडे जाणाऱ्या मंडळीस नगरचा मुक्काम वाटेवर पडूं लागला. खेळ रसिकांकडे येत होता. बोलपटानंतर मंडळ्यांचे दौरे कमी झाले व रसिकानें खेळाकडे जावें, असा काळ आला. योगायोग असा कीं, १९४८ च्या जूनच्या पहिल्या तारखेस राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली ती पुणें व नगर या दोन शहरांमध्येंच. १९६८ सालीं पुण्यास बालगंधर्व रंगमंदिर उघडलें. वाहन झालें, नाट्यगृह झालें. उणीव राहिली ती मंडळी जमविणाऱ्याची.

ती उणीव जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं एका पुस्तकाच्या दुकानदारानें भरून काढलेली आम्हीं स्वतः पाहिली आहे. दुकान केव्हांच बंद झालें आहे व मालक हयात नाहींत. नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही तेथील शाळेंत संस्कृत शिकवीत असतां या दुकानाचे उधारीचे गिऱ्हाईक होतों. वह्या, पाठ्यपुस्तकें व शाई हा त्या दुकानाचा चरितार्थ. आंतल्या एका फळीवर मात्र शिरवाडकर, कानेटकर, तेंडुलकर यांचीं नाटकें असत. मालक पुण्याचें वृत्तपत्र पाहून खेळ निवडीत. दाराशीं एका पाटीवर नाटकाचें नांव, वार व माणशीं वर्गणी लिहीत. चाळीस-बेचाळीस नांवें झालीं कीं ‘प्रासंगिक करारा’ची एस. टी. ठरवीत. दुपारीं भाकरी बांधून मंडळी निघे; गाडींत वकील, तलाठी, शिंपी, कापडदुकानांतील गुमास्ता, मास्तर, मास्तरीणबाई, कन्याशाळेच्या वरच्या वर्गांतील दोन-चार मुली, असा समुदाय असे. खेळ संपवून परत येईपर्यंत पहांट होई.

या व्यवहारांतील एक नियम आम्हांस विशेष वाटतो. ज्या नाटकाला जावयाचें, त्याच्या पुस्तकाच्या दोन प्रती मालक आठ दिवस आधीं फुकट फिरवीत. “गुरुजी, आधीं वाचून या. नाहीं तर नुसता पडदा बघून याल,” असें ते आम्हांस म्हणाल्याचें स्मरतें. परतल्यावर मंडळींपैकीं पांच-सात जण तरी तें पुस्तक विकत घेत. ‘बुकीश’ या शब्दाचा १८६० च्या सुमाराचा अर्थ आम्हांस कोशांतून कळला नाहीं. तो या दुकानाच्या फळीपाशीं कळला.

मालक पद्धतशीर होते. प्रत्येक सहलीची नोंद ते एका लांबट वहींत करीत. डाव्या बाजूस नांवें व वर्गणी, उजव्या बाजूस गाडीभाडें, तिकिटें व शिल्लक. खालीं खेळाचें तिकीट व छापील हस्तपत्रक खळीनें चिकटविलेलें. आणि परत आल्यावर कोणीं कोणतें पुस्तक नेलें, तेंहि टिपलेलें. दुकान आवरतेवेळीं त्यांनीं आम्हांस बोलावून वहीची विचारणा केली. “तुम्ही जुने कागद जमवितां, ही घ्या,” असें ते म्हणाले. आम्ही त्या दिवशीं त्यांच्या माळ्यावरील एका जीर्ण पोथीच्या आशेनें गेलों होतों. पोथी निघाली ती शिवलीलामृताची. तिच्यासारख्या प्रती गांवोगांव मिळतात. ती आम्हीं आनंदानें घरीं आणली, आणि वही ‘ही काय अगदीं कालची’ असें म्हणून परत केली. महिन्याभरानें ती रद्दींत गेल्याचें कळलें. शिवलीलामृताची प्रत आज आमच्या कपाटांत आहे. ती उघडण्याचा प्रसंग गेल्या वीस वर्षांत आला नाहीं. त्या वहीची आठवण मात्र हा लेख लिहितांना ओळीओळीला झाली.

(७)

येथें एक आक्षेप संभवतो. दुकानदारानें चार पुस्तकें खपविण्यासाठीं गाडी ठरविली, यांत इतिहास तो कोणता? हा हिशेबाचा कागद आहे, वाङ्मयाचा नव्हे. या आक्षेपास उत्तर आमच्या क्षेत्रांतूनच देतां येतें. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला, त्या वेळीं पत्रें, याद्या, जमाखर्च व ताळेबंद यांस साधन म्हणणारे थोडेच होते. बखर हाच इतिहास अशी समजूत होती. ज्या कागदांस वाड्यांतील लोक वाळवीच्या स्वाधीन करीत होते, तेच आज दप्तरखान्यांत तपमान सांभाळून ठेविले जातात. हिशेब लिहिणाराला इतिहास लिहावयाचा नसतो, म्हणूनच त्याच्या कागदावर विश्वास बसतो. नाटककार आपल्या प्रस्तावनेंत प्रेक्षकांनीं टाळ्या दिल्याचें लिहितो. शिंपी व तलाठी एका गाडींत बसून त्या नाटकास गेले, आणि येतांना त्यांतील एकानें पुस्तक घेतलें, हें प्रस्तावनेंत येत नाहीं; तें वहींतच असावें लागतें.

दुसरा आक्षेप असा कीं, ग्रंथसूचि असतां या किरकोळ कागदांची गरज काय? शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि करून जें काम केलें, त्यापुढें आम्ही नम्र आहों. तीवरून कोणतें नाटक कधीं छापलें हें कळतें. परंतु तें कोणीं वाचलें व वाचून कोण खेळास गेला, हा प्रश्न सूचीच्या कक्षेबाहेरचा आहे. १९२१ च्या जुलैच्या ८ तारखेस गंधर्व व ललितकलादर्श या मंडळ्यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस संयुक्त ‘मानापमान’ केलें, त्याची कीर्ति सर्वत्र आहे. नट कोण, भूमिका कोणाच्या, हें मुलांनाहि पाठ आहे. पण त्या रात्रीं बाहेरगांवाहून कोण आले, कोणाच्या सोबतीनें आले व तिकिटाचे पैसे कसे उभे केले, हें सांगणारे कागद अशाच घरगुती चोपड्यांत असावयाचे. रंगभूमीचा इतिहास आजवर मंचाकडे तोंड करून लिहिला गेला. तो एकदां प्रेक्षकांकडे तोंड करून लिहावयाचा झाला, तर साधनें हींच.

(८)

यास्तव संग्राहक मित्रांस आमची विनंति पुढीलप्रमाणें आहे. जुन्या दुकानांचें, वाचनालयांचें व घरांचें सामान निघतांना केवळ पोथ्या व पहिल्या आवृत्त्या पाहून थांबूं नये. पदांचीं पुस्तकें बहुधा बिनपुठ्ठ्याचीं असतात. बांधणी करतांना त्यांचीं वेष्टनें फाडून टाकूं नयेत, कारण किंमत, विकण्याचें ठिकाण व कंपनीची जाहिरात हीं वेष्टनावरच असतात. पुस्तकांत खूण म्हणून घातलेलें तिकीट सांपडल्यास तें त्याच पानांत राहूं द्यावें व पानाचा आंकडा टिपावा. पुस्तक व खेळ यांचा संबंध सांगणारा याहून बोलका पुरावा नाहीं. ग्रंथालयांचीं देवघेवीचीं रजिस्टरें, खेळाच्या आदल्या व नंतरच्या आठवड्यांचीं तरी, जपावींत. दुकानदारांच्या वह्या कितीहि अलीकडील असोत, त्या ‘कालच्या’ म्हणून सोडूं नयेत. कालचें तें परवां जुनें होतें, व तोंपर्यंत तें रद्दींत गेलेलें असतें.

मूळ प्रश्नाचा निर्णय आम्ही असा करतों. वाचकांस जमवून खेळास नेणें ही परदेशी दुकानांची नवी युक्ति नव्हे. नेवाशाच्या श्रोत्यांपासून ताहराबादच्या पोथीवाचनापर्यंत आपल्याकडे ग्रंथ हा मंडळींतच उघडला जात होता. छापखान्यानें वाचकास एकटें केलें. बुकीश नाटकानें, पदांच्या पुस्तकानें, वाचनालयांच्या नाट्यगृहांनीं व कोण्या एका तालुक्याच्या दुकानदाराच्या पाटीनें त्यास पुन्हां मंडळींत आणून बसविलें. हा क्रम आम्हीं येथें मांडला आहे. त्यांतील शेवटचा दुवा कागदानें सिद्ध करतां आला असता. तो आमच्याच हातून सुटला व आतां केवळ आमच्या सांगण्यावर राहिला आहे. इतर तालुक्यांतून अशा वह्या, पाट्यांच्या नकला वा पत्रकें कोणाच्या संग्रहीं असतील, तर त्यांनीं तीं या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावींत, म्हणजे आमचें सांगणें तपासून पाहतां येईल. इत्यलम्.